सहा आठवड्यांची भूमिती

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



‘मातृभाषा आणि ज्ञानव्यवहार’ असा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावर मी याआधी दोन-तीनदा बोलले आहे. तेच मुद्दे पुन्हा मांडले तर तुम्ही सौजन्याने ऐकून घ्याल, पण मलाच ते बरं वाटणार नाही. म्हणून आज मुद्द्यांऐवजी घरात घडलेली एक हकिकत सांगते. ती भूमितीच्या एका उन्हाळी वर्गाची आहे. मी साहित्याची अध्यापक. बी.ए.च्या मुलांना मराठी शिकवते आणि गणिताशी माझा संबंध दहावीनंतर संपला. तरीही या प्रकरणात सल्लागार म्हणून मला बोलावण्यात आलं, आणि मी चुकीचा सल्ला दिला. तो कसा चुकला, हे सांगताना दिलेल्या विषयापर्यंत आपण पोहोचू, असं वाटतं.

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात राहते. तिची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी रोज सकाळी शाळेच्या वेळेला तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शाळा सुटली की दुखणं थांबायचं. गणितात ती वर्गाच्या बरीच पुढे होती आणि बाकी वेळ एकटी होती. शेवटी बहिणीने नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि मुलीला घरीच शिकवायला सुरुवात केली. त्या राज्यात हे कायदेशीर आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पालक राज्याच्या शिक्षण विभागाकडे एक प्रतिज्ञापत्र भरतात, आणि कागदोपत्री त्यांचं घर ही एक खासगी शाळा ठरते. पोटदुखी थांबली. पण आमच्या नात्यागोत्यात कुजबुज सुरू झाली ती काही थांबली नाही. ‘चांगल्या शाळेतून मुलगी काढली’ हे वाक्य बहिणीने इंदूरला आल्यावर प्रत्येक घरात ऐकलं.

गेल्या वर्षी मुलगी स्वतःहून म्हणाली, की नववीला मला पुन्हा शाळेत जायचंय. सगळ्यांना आनंद झाला. मग अडचण पुढे आली. तिथे गणित आपल्यासारखं एकत्र शिकवत नाहीत. एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती, मग पुन्हा एक वर्ष बीजगणित, असा सर्वसाधारण क्रम असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी किमान तीन वर्षांचं गणित लागतं आणि त्यात भूमिती असावीच लागते. मुलीचं पहिलं बीजगणित घरी झालं होतं, भूमिती झाली नव्हती. दुसऱ्या बीजगणिताच्या वर्गात बसायचं असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतून भूमिती पूर्ण केल्याचा कागद ऑगस्टमध्ये शाळा सुरू होण्याआधी आणा, असं तिथल्या शाळेने सांगितलं. म्हणजे वर्षभराचा विषय एका उन्हाळ्यात करायचा. अशा वर्गांचा तिथे मोठा बाजार आहे.

बहिणीने आठ-दहा माहितीपत्रकं माझ्याकडे पाठवली आणि म्हणाली, “ताई, तू आयुष्यभर अभ्यासक्रम वाचतेस. वाच आणि सांग.”

मी वाचली. ठळकपणे तीन प्रकार दिसले. पहिल्या प्रकारात सगळं ध्वनिचित्रमुद्रित. मूल आपल्या गतीने पाठ पाहतं, प्रश्न सोडवतं, संगणक गुण देतो. दुसऱ्यात ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष शिक्षक पडद्यावर येतात, गृहपाठ तपासतात. तिसऱ्यात एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात राहून शिकायचं. हा तिसरा आमच्या ऐपतीबाहेरचा होता. मी पहिल्या प्रकारातला, सहा आठवड्यांचा एक वर्ग निवडला. त्याचं माहितीपत्रक सुरेख लिहिलेलं होतं. ‘मुलाची गती हीच आमची गती’ अशा आशयाचं काहीसं त्यात होतं, आणि शाळेत अडखळलेल्या मुलीसाठी मला ते फार योग्य वाटलं. साहित्याच्या माणसाला वाक्य आवडलं की त्याची शंका घ्यायची बुद्धी थोडी मंदावते. ती चूक पूर्णपणे माझी.

एक साधा हिशेब मी तेव्हा केला नाही, तो नंतर केला. अमेरिकेत शाळेतल्या वर्षभराच्या विषयाचं एक जुनं माप आहे, कार्नेगी एकक नावाचं. साधारण १२० तासांचं अध्यापन म्हणजे एक एकक. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ३० दिवस. रोजचे चार तास झाले, आणि गृहपाठ वेगळा. पुस्तकात बारा प्रकरणं धरली तर एका प्रकरणाला अडीच दिवस. सोमवारी समांतर रेषा सुरू केल्या तर बुधवारी दुपारी एकरूप त्रिकोण आलेच पाहिजेत. जो वर्ग सहा आठवड्यांत, दिवसाला दोन तासांत सगळं होईल म्हणतो, तो निम्मा भाग कुठेतरी ठेवून देतो. प्रश्न एवढाच, की कोणता भाग.

वर्ग सुरू झाला. आमचा फोन इथल्या रात्री साडेआठला होई. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असत. दहा दिवसांत मुलीने चौथा हिस्सा संपवला होता आणि गुण होते शंभरात सत्त्याण्णव. बहिणीचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा वाटला. मी कौतुकाने भाचीला म्हटलं, “मला शिकव बघू काहीतरी. समद्विभुज त्रिकोणात दोन बाजू सारख्या असल्या तर त्यांच्यासमोरचे कोन सारखे का असतात?”

ती म्हणाली, “मावशी, ते प्रमेय आहे.”

“हो, पण का?”

“दिसतंच ना तसं.”

मी पुन्हा विचारलं. ती गोंधळली, मग थोडी चिडली. तिने पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. सिद्धतेचे प्रश्न होते, पण पायऱ्या आधीच छापलेल्या. बाजूला कारणांची यादी. योग्य कारण उचलून योग्य रिकाम्या जागेत ओढायचं. बरोबर आलं की चौकट हिरवी होते. नाही झाली तर दुसरं कारण ओढून पाहायचं. मुलीने दहा दिवसांत एकही वाक्य स्वतः लिहिलेलं नव्हतं. ठेवून दिलेला भाग तो हा होता.

मला एकदम माझ्या बी.ए.च्या उत्तरपत्रिका आठवल्या. गेली कित्येक वर्षं मी त्यांत ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘अर्थात’ हे शब्द वाचते आहे. कवी निसर्गप्रेमी होता, म्हणून त्याची भाषा सोपी आहे. कादंबरी ग्रामीण आहे, त्यामुळे ती वास्तववादी ठरते. मधला दुवा नसतोच. ‘म्हणून’ हा शब्द कानाला बरा वाटतो म्हणून तिथे बसवलेला असतो. मी लाल शाईने ‘कशावरून?’ लिहिते आणि पुढे जाते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना ‘म्हणून’चा अर्थ ठाऊक नाही, याचा दोष मी आजवर भाषेच्या शिक्षणाला देत आले. त्या रात्री वाटलं, यातला काही वाटा भूमितीच्या तासाकडेही जातो. ‘म्हणून’ लिहिलं तर आधीच्या कोणत्या ओळीच्या बळावर लिहिलं ते सांगावं लागतं, ही सक्ती शाळेत मुलावर पहिल्यांदा तिथेच होते.

इथे थोडं स्वतःविषयी. आमचं शिक्षण इंदुरात हिंदी माध्यमातून झालं. वहीत लिहायचो: ‘दिया है’, ‘सिद्ध करना है’, ‘रचना’, ‘उपपत्ति’. मे महिन्यात नाशिकला मामाकडे जायचो, तिथे मामेभावाचं मराठी पुस्तक पाहायला मिळायचं. त्यात तेच सगळं वेगळ्या नावांनी होतं: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. आमचा त्रिभुज तिथे त्रिकोण होता. हिंदीने बाजू मोजल्या, मराठीने कोन मोजले. आमचं ‘सर्वांगसम’ तिथे ‘एकरूप’ होतं. आणि ‘बाकोबा कसोटी’ ऐकून तर मी आणि बहीण हसून लोळलो होतो. आम्हाला ते कोण्या कोकणातल्या आजोबांचं नाव वाटलं. बाजू-कोन-बाजू एवढाच त्याचा अर्थ, पण पुढे जन्मभर ती कसोटी मी विसरले नाही.

पुढे पीएच.डी.च्या निमित्ताने संस्कृत ग्रंथ चाळताना कळलं, की ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे न्यायशास्त्रातले शब्द. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. यात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. भूमितीत येताना ‘पक्ष’चा अर्थ थोडा सरकला. तिथे तो ‘दिलेली माहिती’ झाला. ‘हेतू’ हे नाव मात्र भूमितीच्या वहीत आलंच नाही. हेतू ओळीच्या उजवीकडे, कंसात, लहान अक्षरात लिहायचा असतो: (पक्ष), (विरुद्ध कोन), (बाकोबा कसोटी). सगळा वाद त्या कंसात असतो. अमेरिकन शाळांतही विधान डावीकडे आणि कारण उजवीकडे अशी दोन रकान्यांची सिद्धता शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. भाचीच्या वर्गाने नेमका तो उजवा रकाना आयता पुरवला होता.

मी बहिणीला म्हटलं, हा वर्ग सोड. ती गप्प झाली. पैसे परत मिळण्याची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. मग ती म्हणाली, “ताई, तिला सत्त्याण्णव पडतायत. तीन वर्षांनी तिला काहीतरी छान जमतंय. आणि तू म्हणतेस ते काढून घे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निर्णय मुलीने घेतला. दोन दिवसांनी तिनेच सांगितलं, की मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तिला रात्रभर सापडलं नाही आणि ते तिला आवडलं नाही.

या वेळी आम्ही माहितीपत्रकं वाचली नाहीत. पाच संस्थांना पत्र पाठवलं आणि चारच प्रश्न विचारले. तुमचं प्रमाणपत्र ही शाळा स्वीकारते का? (शाळेकडूनही ते लेखी मागवलं, हे पहिल्याच दिवशी करायचं काम होतं.) एकूण तास किती, गृहपाठासह? तिला बीजगणित किती यायला हवं? आणि चौथा प्रश्न: एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेली आणि तुमच्या शिक्षकाने तपासलेली एक सिद्धता, नाव झाकून, आम्हाला दाखवाल का? तिघांनी प्रगतिपत्रकाचा नमुना पाठवला. एकाने उत्तरच दिलं नाही. एकाने खरंच एक पान पाठवलं. पान सुंदर नव्हतं. मुलाचं अक्षर वाकडं, मध्ये खाडाखोड, आणि समासात शिक्षकाचे तीन शेरे. आम्ही तो वर्ग घेतला. आठ आठवड्यांचा होता आणि महागही होता. जूनच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होता, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर. बहिणीने हे पाहिलं, मीही पाहिलं. आम्ही धोका पत्करला.

दुसऱ्याच आठवड्यात तिने तेच प्रमेय लिहून दिलं. तिची सिद्धता अशी: त्रिकोण अ-ब-क, बाजू अ-ब आणि अ-क समान. शिरोबिंदू अ मधून पायाचा लंबदुभाजक काढू. आता दोन्ही बाजूंचे त्रिकोण एकरूप, म्हणून कोन समान. मला वाचून ते बरोबरच वाटलं. शिक्षकाने गुण कापले. शेऱ्याचा आशय असा होता: अ मधून रेषा काढताना तू तिला एकच अट घालू शकतेस. ती पायाला लंब असो, किंवा पायाचा मध्य गाठो. दोन्ही होईल हे तुला कुणी सांगितलं? ते खरं आहे, पण ते अजून सिद्ध व्हायचंय.

तुम्ही कागदावर काढून पाहा. बाजू असमान असलेल्या त्रिकोणात शिरोबिंदूतून काढलेला लंब पायाच्या मध्यावर पडत नाही. समद्विभुजात पडतो, पण का पडतो, हे तर आपल्याला शोधायचं आहे. जे सिद्ध करायचं तेच तिने रचनेत गृहीत धरलं होतं. उत्तर बरोबर, आकृती बरोबर, आणि तरी सिद्धता चूक. हिरव्या चौकटीला ही चूक कधीच दिसली नसती. ती दिसायला ते वाक्य एका माणसाने वाचावं लागतं.

मुलगी रडली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं. या वेळी लंबदुभाजक सोडला आणि अ या कोनाचा दुभाजक काढला. एकच अट. तो पायाला जिथे मिळतो त्या बिंदूला ड म्हटलं. अ-ब आणि अ-क समान (पक्ष). दोन अर्धे कोन समान (रचना). अ-ड सामाईक. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप (बाकोबा कसोटी). म्हणून ब आणि क हे कोन समान. शेवटचं ‘म्हणून’ तिने फोनवर मला वाचून दाखवलं, तेव्हा ते तिचं होतं. शिक्षकाने या वेळी पूर्ण गुण दिले आणि खाली एक प्रश्न लिहिला: रेषा न काढता जमेल का? जमतं. चौथ्या शतकातल्या पाप्पसची सिद्धता तशी आहे. तो त्रिकोण अ-ब-क ची तुलना त्याच त्रिकोणाशी करतो, फक्त उलट क्रमाने वाचून. भाचीला ते सापडायला चार दिवस लागले. अडीच दिवसांत प्रकरण संपवणाऱ्या वर्गात या चार दिवसांना जागा नव्हती.

हे सगळं गोड झालं असं सांगता येत नाही. आठ आठवड्यांत ती दमली. वर्तुळाच्या प्रकरणात मागे पडली. अखेरचा निकाल ‘बी’ लागला. प्रमाणपत्र उशिरा पोहोचलं, म्हणून शाळेचे पहिले काही दिवस तिला साध्या भूमितीच्या वर्गात बसावं लागलं, नंतर हलवलं. तिथे उन्हाळी वर्गाचा गुणांकही कायमच्या नोंदीत राहतो. पहिल्या वर्गात ती नक्की ‘ए’ मिळवून, वेळेत मोकळी झाली असती. बहीण अजून म्हणते, “ताई, तुझं तत्त्वज्ञान झालं आणि नोंद तिची राहिली.” तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. चार वर्षांनी एखादा प्रवेश अधिकारी तो ‘बी’ पाहील, तेव्हा समासातले शेरे त्याला दिसणार नाहीत. एवढंच सांगते, की आता तिला विचारलं तर ती ‘दिसतंच ना तसं’ म्हणत नाही. आणि सकाळी तिचं पोट दुखत नाही.

हे मी मराठीच्या व्यासपीठावर का सांगते? दोन कारणांनी.

एक, असे पालक आता आपल्याकडेही आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देणारी, घरी शिकणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत, आणि सुट्टीतल्या झटपट वर्गांच्या जाहिराती आपल्या चौकाचौकांत लागलेल्या असतात. त्यांना माझा सल्ला लहान आहे. वर्ग किती दिवसांत संपतो हे शेवटी विचारा. मुलाने स्वतः लिहिलेलं ‘कारण’ वाचणारं कुणी तिथे आहे का, हे आधी विचारा. तपासलेलं एक पान मागा.

दुसरं कारण आपल्याविषयी आहे. अठराव्या शतकात जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. १८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस आणि त्याच्याबरोबरच्या शास्त्र्यांनी गणिताची पुस्तकं मराठीत केली. ‘कर्ण’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ हे शब्द आपल्या वहीत आले, त्यामागे कुणीतरी बसून केलेलं काम आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांना आपण मराठीत श्लोक शिकवतो, पोवाडे म्हणायला लावतो, ते चांगलंच आहे. पण मराठीत ‘म्हणून’ लिहायला आपण शिकवत नाही. वाद घालायला, कारण द्यायला, चूक कबूल करून पुन्हा मांडायला ती दुसऱ्या भाषेत जातात. मग मराठी सणावारापुरती उरते, आणि आपण त्याची खंत करत बसतो. अकादमीच्या सुट्टीतल्या मराठी वर्गात एक तास भूमितीच्या सिद्धतेला द्यावा, अशी माझी सूचना आहे. खर्च काही नाही. एक आकृती, एक कोरा कागद, आणि वाचणारं एक माणूस.

दिवाळीत भाचीने मला एक पत्र पाठवलं. नेहमीप्रमाणे तिचं मराठी अर्धं बोलीतलं. त्यात पाप्पसची सिद्धता होती, पक्ष, साध्य, सिद्धता अशी शीर्षकं देऊन. ‘सिद्धता’ तिने ‘सिधता’ असं लिहिलं होतं. मी ते सुधारून परत पाठवलं. दोन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं: द ला ध का जोडायचा, कारण सांग.

ते कारण मी अजून शोधते आहे. सापडलं की तिला नीट, ओळीओळीने लिहून पाठवीन.